मेंदूतली कोलॉइड सिस्ट: ऑपरेशन कधी, कसं आणि कुठं?

प्रश्न असा आला आहे: "माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत कामाला आहे. काही महिन्यांपासून त्याचं डोकं दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, खाली वाकलं की ठणका, उलटी झाली की थोडं हलकं वाटायचं. आधी पित्त म्हणून, मग मायग्रेन म्हणून गोळ्या झाल्या. गेल्या महिन्यात दोनदा चालता चालता पाय गळाले आणि तो खाली बसला, पण शुद्ध होती. सीटी स्कॅनमध्ये १४ मिलिमीटरची कोलॉइड सिस्ट निघाली, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्यात असं लिहिलंय. एमआरआयमध्येही तेच. डॉक्टर आठवड्याच्या आत ऑपरेशन करा म्हणतात. आईला वाटतंय हा कॅन्सर आहे. मामा म्हणतात, गावातल्या एकाची मेंदूतली गाठ नुसत्या गोळ्यांनी गेली. वडील म्हणतात, जोतिबाची चैत्र यात्रा होऊ दे, मग बघू. ऑपरेशन खरंच लागतं का? दुर्बिणीनं करायचं की कवटी उघडून? कोल्हापुरात करावं की पुण्या-मुंबईला न्यावं?"

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. आठवड्याच्या आत म्हणजे आठवड्याच्या आतच. यात्रेपर्यंत थांबू नका. मी कोल्हापुरात न्यूरोसर्जन म्हणून बरीच वर्षं काम करतोय. मेंदूच्या बहुतेक साध्या गाठींच्या बाबतीत "घाई नाही, विचार करा, दुसरं मत घ्या" असं मी नातेवाइकांना स्वतःहून सांगतो. या एका गाठीचं, आणि तीही पाणी तुंबलेल्या अवस्थेतली असेल तर, मी तसं सांगत नाही. कारण काय ते नीट समजून घ्या, म्हणजे घरातल्या थोरांनाही समजावता येईल.

आधी आईंची भीती. कोलॉइड सिस्ट म्हणजे कॅन्सर नाही. ती पसरत नाही, मेंदूला कुरतडत नाही, तिला केमोथेरपी किंवा रेडिएशन लागत नाही. पातळ भिंतीची एक पिशवी असते आणि आतल्या पेशींनी तयार केलेला घट्ट, चिकट द्रव तिच्यात साठत जातो. बाळ पोटात वाढत असताना चुकीच्या जागी राहून गेलेल्या पेशींपासून ती तयार होते, म्हणून तिचं बी जन्मापासूनच असतं. खाण्यापिण्यानं, तंबाखूनं, फाउंड्रीतल्या धुरानं किंवा मोबाइलनं ती होत नाही. ती फार हळू वाढते, त्यामुळे त्रास बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. दुर्मीळ आहे खरी. मेंदूच्या सगळ्या गाठींमध्ये तिचं प्रमाण शंभरात एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही. एकाच घरात दोघांना झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती इतकी कमी आहेत की तुम्ही सगळ्या भावंडांनी स्कॅन काढायची गरज नाही.

मग साध्या गाठीला एवढं घाबरायचं का? तर तिच्या जागेमुळे.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यात रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, आणि एका वेळी आत-बाहेर मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते सगळं पाणी बदलतं. वरच्या दोन मोठ्या पोकळ्यांतलं पाणी मधल्या तिसऱ्या पोकळीत उतरतं ते मोन्रोच्या छिद्रांतून. डावीकडे एक, उजवीकडे एक, रुंदी काही मिलिमीटर. कोलॉइड सिस्ट नेमकी या दोन छिद्रांच्या मागे, तिसऱ्या पोकळीच्या छताला चिकटलेली असते. आपल्याकडच्या माणसाला हे सांगायला मी उसाच्या पाटाचं उदाहरण देतो: दारं धरायच्या तोंडाशी पाचटाचा एक बोळा अडकला, तर बोळा केवढा आहे याला महत्त्व नसतं. वरून पाणी येतच राहतं आणि बांध फुटायची वेळ येते. मेंदूत मात्र पाण्याला पसरायला रान नाही. भोवती हाडाची कवटी आहे. दाब वाढतो तो मेंदूवरच.

हे तुंबणं कधी हळूहळू होतं, कधी अचानक. हळू असेल तर महिनोन्‌महिने डोकं दुखतं, विसराळूपणा येतो, चाल अडखळते, कधी लघवीवरचा ताबा सुटतो. अचानक दोन्ही छिद्रं बंद झाली तर डोकेदुखी, मग उलट्या, मग ग्लानी, मग बेशुद्धी असा प्रवास काही तासांत होऊ शकतो. तरुण, धडधाकट माणसाचा कोलॉइड सिस्टमुळे अचानक मृत्यू झाल्याच्या नोंदी जगभरात आहेत. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. ज्याची सिस्ट लहान आहे, पोकळ्या फुगलेल्या नाहीत आणि काही त्रास नाही, त्याच्यासमोर मी हे वाक्य मोठ्यानं बोलतही नाही. तुमच्या भावाची गोष्ट वेगळी आहे.

वेगळी कशी, ते बघा. २०१६ साली या आजारासाठी एक धोका-मापन पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला एक गुण देतात: वय ६५ पेक्षा कमी, डोकेदुखी, गाठीची रुंदी ७ मिलिमीटर किंवा जास्त, एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रात गाठ पांढरी दिसणं, आणि गाठ तिसऱ्या पोकळीच्या धोक्याच्या भागात असणं. चार किंवा पाच गुण म्हणजे पाणी तुंबण्याचा धोका जास्त. तुमच्या भावाचं वय, डोकेदुखी आणि १४ मिलिमीटर हे तीन गुण तुमच्या पत्रातच आहेत. गाठ मोन्रोच्या छिद्रांपाशी असेल, आणि बहुतेक वेळा ती तिथंच असते, तर चार झाले. खरं तर त्याच्या बाबतीत गुण मोजत बसायचीही गरज नाही, कारण ही पद्धत पुढे काय होईल याचा अंदाज घ्यायला आहे आणि त्याच्या पोकळ्या आत्ताच फुगल्या आहेत.

पाय गळणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फिट नाही, चक्कर नाही, शुद्ध पूर्ण, आणि गुडघ्यातून बळ गेल्यासारखं होऊन माणूस खाली बसतो. या आजाराचं हे जुनं, ओळखीचं लक्षण आहे. पेशंट ते सांगतच नाहीत. "पाय घसरला असंल", "जेवलो नव्हतो" म्हणून सोडून देतात. तुम्ही ते लक्षात ठेवून लिहिलंत हे फार बरं केलंत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा.

एक गोष्ट इथं बोलायला हवी. आधीच्या डॉक्टरांनी मायग्रेन म्हटलं म्हणून त्यांना दोष देऊ नका. डोकं दुखतंय म्हणून येणाऱ्या शंभर माणसांत मायग्रेन आणि ताणाची डोकेदुखीच बहुतेकांना असते, आणि प्रत्येकाचा स्कॅन काढणं शहाणपणाचं नाही. पण काही खुणा दिसल्या की स्कॅन लांबवू नये. झोपेतून उठवणारी किंवा पहाटेची डोकेदुखी, वाकल्यावर-खोकल्यावर वाढणारी, सोबत उलटी, दुहेरी दिसणं, चालीत फरक, पूर्वी कधी नव्हती अशी तऱ्हा. आणि एक साधी, स्वस्त तपासणी: बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याचा पडदा बघणं. मेंदूत दाब वाढलेला असेल तर पुष्कळदा डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलेलं दिसतं. गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूरलाही हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतं, त्याला कोल्हापूर गाठावं लागत नाही. तालुक्याच्या गावच्या माझ्या डॉक्टर मित्रांना मी हे परत परत सांगतो, कारण स्कॅनला पाठवायचं की नाही हा निर्णय त्या एका तपासणीनं सोपा होतो. पडदा चांगला असला म्हणून दाब नाहीच असं मात्र समजायचं नाही.

आता मामांच्या बोलण्याविषयी. ते खोटं बोलत नाहीत. आपल्या देशात मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ होणं बरंच आढळतं. बऱ्याचदा फिट येऊन ती लक्षात येते आणि अल्बेंडाझोल, स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या यांनी पुष्कळांची गाठ विरते. गावातल्या त्या माणसाला तीच असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही आजारांना लोक "मेंदूतली गाठ" म्हणतात, पण कोलॉइड सिस्टमध्ये कुठलाही जंत नसतो. तिला विरघळवणारं औषध ॲलोपथीत नाही आणि आयुर्वेदात किंवा होमिओपॅथीत असल्याचा पुरावाही नाही. दाब तात्पुरता कमी करणाऱ्या गोळ्या-सलाइन असतात, ते ऑपरेशनपर्यंत वेळ मिळवायला. त्यानं डोकं दुखायचं थांबलं म्हणून गाठ गेली असं समजू नका. ही चूक घडताना मी पाहिली आहे, म्हणून सांगतोय.

अळीची पिशवी कधी कधी या पोकळ्यांमध्येही सापडते आणि तीही पाणी अडवते. म्हणून निदान पक्कं करणं महत्त्वाचं. सीटी स्कॅनमध्ये कोलॉइड सिस्ट बहुधा गोल, गुळगुळीत कडेची आणि भोवतालच्या मेंदूपेक्षा पांढरी दिसते. एमआरआयमध्ये टी-वन, टी-टू अशी वेगवेगळ्या पद्धतींची चित्रं निघतात. टी-वन चित्रात ती बहुतेकदा पांढरी असते. टी-टू चित्रात ती कशी दिसते याकडे मी खास लक्ष देतो: काळी दिसली तर आतला माल घट्ट असण्याची शक्यता जास्त, आणि घट्ट माल दुर्बिणीच्या बारीक नळीतून ओढून काढायला वेळ लागतो. अळीची पिशवी पातळ भिंतीची, पाण्यासारख्या द्रवाची असते, आत कधी कधी अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसतं, मेंदूत इतरत्रही खुणा असतात. तुमचे दोन्ही रिपोर्ट एकच सांगतायत, तेव्हा निदानाबद्दल शंका घ्यायला कारण दिसत नाही. फिल्मसोबत सीडीही घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची झाली तर नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.

ऑपरेशनच्या तारखेपर्यंत त्याला एकटं सोडू नका. कामावर पाठवू नका. मोटरसायकल, शिडी, विहिरीत पोहणं, भट्टीजवळ जाणं सगळं बंद. पाय गळण्याची वेळ सांगून येत नाही. डोकं फार दुखतंय म्हणून झोपेची गोळी देऊ नका, कारण मग तो गोळीनं झोपलाय की दाबानं ग्लानीत गेलाय हे कळत नाही. ॲस्पिरिन आणि दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही स्वतःच्या मनानं देऊ नका. त्यातल्या काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो. आणि डोकेदुखी वाढून उलट्या लागल्या, तो नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागला, हाक मारल्यावर उशिरा उत्तर दिलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये पोचायचं, फाइल आणि स्कॅन हातात घेऊन. वाटेत कुठल्या दवाखान्यात थांबावं लागलं आणि तिथं पाठीतून पाणी काढायची गोष्ट निघाली, तर स्कॅन दाखवून स्पष्ट सांगा. वर पाणी तुंबलेलं असताना पाठीच्या कण्यातून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. अशा वेळी आम्ही वरूनच, कवटीला छोटं छिद्र पाडून पोकळीत नळी टाकतो आणि पाणी बाहेरच्या पिशवीत काढतो. त्यानं माणूस वाचतो. गाठ नंतर काढता येते.

फक्त नळी किंवा शंट टाकून भागेल का, असं पुष्कळ जण विचारतात. शंट म्हणजे मेंदूतलं पाणी कातडीखालून पोटात नेणारी नळी. ती टाकली की पाण्याला वाट मिळते, पण गाठ जागच्या जागी राहते. दोन्ही छिद्रं बंद असतील तर दोन्ही बाजूंना सोय करावी लागते. शिवाय शंट तुंबतो, त्याला जंतुसंसर्ग होतो, आणि मग आयुष्यभर डोकं दुखलं की "शंट बंद पडला का?" ही धास्ती. चौतिशीतल्या माणसाला गाठ काढून मोकळं करता येत असताना मी शंटवर थांबणार नाही. फार वयस्कर, हृदय-फुप्फुसं कमकुवत असलेल्या माणसाचा विचार वेगळा.

आता दुर्बीण की कवटी उघडून.

ही गाठ पहिल्यांदा १८५८ मध्ये वॉलमन यांनी वर्णन केली आणि १९२१ मध्ये अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी ती पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. तेव्हा सीटी नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता. आजचे दोन मुख्य मार्ग असे.

दुर्बिणीच्या पद्धतीत पूर्ण भूल देतात. केसांच्या आत, बहुधा उजव्या बाजूला, तीनेक सेंटीमीटरचा छेद घेऊन कवटीला एक छिद्र पाडतात. उजवी बाजू निवडतात कारण बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं डावीकडे असतात. त्या छिद्रातून दुर्बीण फुगलेल्या पोकळीत जाते. आत गेल्यावर वाट दाखवतात त्या दोन शिरा आणि लालसर कोरॉइड प्लेक्सस, जिथं पाणी तयार होतं. त्या तिन्ही जिथं एकत्र येतात तिथं मोन्रोचं छिद्र, आणि त्या छिद्रात डोकावणारी गाठ. वरचा भाग विजेच्या उष्णतेनं आकसवायचा, भिंत उघडायची, आतला माल ओढून घ्यायचा, मग रिकामी भिंत हळूहळू छतापासून सोडवायची. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. भिंत कधी कधी मेंदूच्या खोल शिरांना घट्ट चिकटलेली असते. अशा ठिकाणी हट्टानं ओढायचं नसतं. चिकटलेला छोटा तुकडा जाळून तिथंच ठेवणं हा शहाणपणाचा निर्णय असतो, कारण त्या शिरेतून रक्तस्राव झाला तर तो गाठीपेक्षा मोठा शत्रू. पाणी मोकळं वाहावं म्हणून दोन पोकळ्यांमधल्या पातळ पडद्यालाही पुष्कळदा भोक पाडतात.

दुसऱ्या पद्धतीत कवटीचा एक तुकडा उघडून, मेंदूच्या दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीतून खाली उतरतात. त्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पुलाला दीड-दोन सेंटीमीटरची वाट पाडून सूक्ष्मदर्शकाखाली गाठीपर्यंत पोचतात. इथं दोन्ही हात मोकळे असतात, भिंत पूर्ण सोडवणं सोपं जातं. पण वाटेतल्या शिरा सांभाळाव्या लागतात आणि ऑपरेशन मोठं होतं. मेंदूच्या पुढच्या भागातून थेट पोकळीत जाण्याचा तिसरा मार्गही आहे. त्यात नंतर फिट येण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून मी तो क्वचित निवडतो.

२०१४ मध्ये १,२७८ रुग्णांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या ऑपरेशनात गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण सुमारे ९७ टक्के होतं, दुर्बिणीत ५८. गाठ परत होण्याचं प्रमाण अनुक्रमे दीड आणि चार टक्क्यांच्या आसपास. उलट, ऑपरेशनमुळे होणारा त्रास दुर्बिणीत कमी: साधारण १० टक्के, तर दुसरीकडे १६. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे शंभरात एकाच्या आसपास, आणि त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा की त्यात दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळातली ऑपरेशनंही आहेत. साधनं आणि हात दोन्ही त्यानंतर सुधारले आहेत.

तुमच्या भावाच्या पोकळ्या फुगलेल्या आहेत, म्हणजे दुर्बिणीला आत फिरायला जागा आहे. गाठ १४ मिलिमीटरची, मध्यम. टी-टू चित्रात ती अगदी काळी नसेल तर मी दुर्बिणीचा मार्ग निवडेन, आणि गरज पडली तर त्याच बैठकीत कवटी उघडून पुढे जाण्याची तयारी टेबलाशी ठेवेन. पण माझी पसंती काय यापेक्षा, तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय हे मोठं. जो माणूस सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ उत्तम काढतो त्याला "दुर्बिणीनंच करा" असा आग्रह धरू नका. छेद लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं या जागी नसतं.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे स्मरणशक्ती. मोन्रोच्या छिद्राच्या अगदी कडेला फॉर्निक्स नावाची एक पांढरी कमान असते. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याच्या कामात तिचा मोठा वाटा आहे, आणि गाठ काढताना आपली सगळी हालचाल तिच्यापासून काही मिलिमीटरवर चालते. तिला धक्का लागला तर माणूस बोलतो, चालतो, सगळ्यांना ओळखतो, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. बरेचदा हे काही दिवस-आठवड्यांत सुधारतं. क्वचित कायम राहतं. नातेवाइकांशी बोलताना मी सगळ्यात जास्त वेळ या धोक्यावर घालवतो. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर तो एका ओळीत असतो, पण घरच्यांना त्याच्यासोबत राहावं लागतं.

म्हणून ऑपरेशनच्या आधी त्याची स्मरणशक्ती तपासून, लिहून ठेवायला सांगा. गेल्या काही महिन्यांत तो विसरायला लागलाय का? पगाराची तारीख, पोरांची इयत्ता, काल कोण भेटलं? फुगलेल्या पोकळ्या आणि खालून दाबणारी गाठ या दोन्हींनी ती कमान आधीच ताणलेली असते, त्यामुळे थोडा विसर आत्ताही पडत असू शकतो. दाब उतरल्यावर तो कमी होण्याची आशा असते. आधीची नोंद असली तर नंतर तुलना करता येते, आणि ऑपरेशनमुळे झालं की आधीपासून होतं हा वाद घरात होत नाही.

बाकीचे धोके म्हणजे पोकळीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट, आतला माल पाण्यात सांडून काही दिवस ताप आणि मान दुखणं, आणि गाठ निघूनही पाणी तुंबलेलं राहिलं तर शंट लागणं. यातलं बहुतेक उपचारानं सावरतं.

कोल्हापूर की पुणे-मुंबई? ज्या ठिकाणी मेंदूची दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही आहेत, रात्री दोन वाजता सीटी निघतो, आयसीयूत मेंदूचे पेशंट सांभाळायची सवय आहे आणि सर्जन पोकळ्यांमधली ऑपरेशनं नियमित करतो, ते ठिकाण चांगलं, मग ते कुठल्याही शहरात असो. सर्जनना सरळ विचारा: तुम्ही अशी ऑपरेशनं केलीत का, कुठल्या पद्धतीनं, गाठ पूर्ण निघाली नाही तर पुढं काय, अडचण आली तर मध्यरात्री कोण असतं? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं पटली तर लांब नेण्यात काही हशील नाही, कारण नातेवाईक जवळ असणं, टाके काढायला आणि पुढच्या तपासण्यांना येता येणं हेही उपचारातच येतं. चंदगडकडच्या लोकांना तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, त्यांनी तिकडचा विचार जरूर करावा. पुण्याला न्यायचंच ठरलं तर तिथल्या डॉक्टरांशी आधी फोनवर बोलून, बेड ठरवून, सोबत माणूस घेऊन दिवसा न्या. तिथं गेल्यावर ओपीडीच्या रांगेत चार दिवस जाणार असतील तर नेऊ नका.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. मेंदूच्या शस्त्रक्रिया त्या योजनेत आहेत, पण हॉस्पिटल योजनेत नोंदलेलं असावं लागतं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. हे काम ॲडमिट व्हायच्या आधी घरातल्या एकाला नेमून द्या. फाउंड्रीतून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तोही मार्ग बघा.

वडिलांना माझा निरोप सांगा: जोतिबाला जरूर जायचं, गुलाल उधळायचा, पण ऑपरेशन होऊन टाके निघाल्यावर. त्याला सोबत न्यायचं असेल तर यंदा गर्दीच्या दिवशी नको, यात्रा ओसरल्यावर न्या.

ऑपरेशन दोन-तीन तासांचं असतं, भूल देणं आणि उतरवणं धरून थोडा जास्त वेळ जातो. नंतर एक-दोन दिवस आयसीयू. डोक्यातून नळी बाहेर काढलेली दिसली तर घाबरू नका, पाणी नीट वाहतंय हे बघायला ती ठेवतात आणि काढून टाकतात. पहिले काही दिवस तो तोच प्रश्न परत परत विचारेल, दिवस-रात्रीचा घोळ होईल. चिडू नका, "मघाशी सांगितलं ना" म्हणू नका, शांतपणे परत सांगा. सगळं सुरळीत असेल तर आठवड्याभरात घरी येतो. काढलेली भिंत तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट हातात पडला की आईंना वाचून दाखवा. फिटच्या गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत एकही दिवस चुकवायची नाही.

घरी आल्यावर ताप, मान आखडणं, जखमेतून पाण्यासारखा स्राव, परत तसलीच डोकेदुखी किंवा जास्त झोप यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता दाखवा. हलकं काम महिन्या-दीड महिन्यानं चालतं. मोटरसायकल डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. भट्टीजवळचं किंवा उंचावरचं काम मी तीन महिने तरी करू देत नाही, आणि त्याआधी एक एमआरआय बघतो. फिट आली असेल तर हा काळ आणखी वाढतो. फाउंड्रीच्या मालकाला द्यायला तसं लेखी प्रमाणपत्र मागून घ्या. त्या काळात त्याला स्टोअरला किंवा पॅकिंगला बसवता आलं तर पगार चालू राहतो. पुढचा एमआरआय एका वर्षानं, आणि गाठीचा थोडा भाग मागे राहिला असेल तर त्यानंतरही काही वर्षं दरवर्षी.